चाफ्याचा चीक

म्युनिकजवळच्या एका रोपवाटिकेत मी काम करते. बाल्कनीतली नाजूक फुलझाडे लोक ऑक्टोबरात आमच्या काचघरात आणून ठेवतात आणि मेच्या मध्यावर घरी नेतात. १२ ते १५ मे हे दिवस इथे 'आइसहायलिगे', म्हणजे 'बर्फाचे संत', म्हणून ओळखले जातात. त्यांतली शेवटची 'थंड सोफी' उलटल्याशिवाय जुनी माणसे जिरॅनियमची कुंडी रात्री उघड्यावर ठेवत नाहीत. काचघरातही सगळ्यांना एकच माप लावून चालत नाही. कण्हेर उणे पाच अंशांपर्यंतची थंडी थोडा वेळ सोसते, जिरॅनियमला पाच ते दहा अंश पुरतात, तर जास्वंदीला पंधराच्या आसपास ऊब लागते.

गेल्या फेब्रुवारीत मूळच्या साताऱ्याच्या एक काकू घोंगडीत गुंडाळलेला पांढरा चाफा घेऊन आल्या. इथल्याच बाजारातून आणून त्यांनी तो सहा वर्षे वाढवला होता आणि थंडीत इमारतीच्या जिन्यात ठेवला होता. "नोव्हेंबरात सगळी पानं गळली हो. वाटलं, तहानलाय, म्हणून रोज तांब्याभर पाणी घालत होते," त्या म्हणाल्या. कुंडी उचलतानाच तिचे वजन हाताला लागले. बुंध्यावर अंगठा दाबला, तर पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखी साल आत गेली.

आमच्याकडे येणारी बहुतेक झाडे थंडीने नव्हे, तर अशा मायेने मेलेली असतात, आणि ते पाहताना मला दर वेळी वाईट वाटते. पाने नसलेले झाड पाणी जवळजवळ ओढतच नाही. थंड, ओल्या मातीत मुळे गुदमरतात आणि कुज खोडातून वर चढते. मी काकूंना विचारले, "गावी देवळापुढचा चाफा पौषात कसा दिसतो?" त्या क्षणभर थांबल्या. "बोडका," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी खालून कापायला सुरुवात केली. पहिला काप तपकिरी, दुसराही तपकिरी; प्रत्येक कापानंतर पाते स्पिरिटने पुसत होते, कारण तीच कुज पुढच्या कापाला लागली असती. मुख्य खोड संपले, दोन फांद्या संपल्या. तिसऱ्या फांदीवर, शेंड्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर, काप स्वच्छ पांढरा निघाला आणि कडेने चिकाचे थेंब फुटून गोल वर आले. काकूंनी माझे मनगट घट्ट धरले.

तो तुकडा मी दहा दिवस कोरड्या फळीवर ठेवला, कारण जखम वाळून घट्ट झाल्याशिवाय चाफा मातीत लावला, तर पुन्हा सडतो. मग भरड वाळू मिसळलेल्या मातीत तो रोवून कुंडी पंचवीस अंशांच्या गरम गादीवर ठेवली आणि तिच्यावर 'पाणी नको' अशी पाटी लावली. काकू दर शनिवारी येत, पाटी वाचत आणि हात मागे बांधून उभ्या राहत. एप्रिलच्या शेवटी शेंड्यावर नखाएवढे हिरवे टोक दिसले.

थंड सोफीच्या दुसऱ्या दिवशी, १६ मेला, काकू कुंडी न्यायला आल्या, तेव्हा तिला तीन पाने होती. "आता किती पाणी घालू?" त्यांनी विचारले. मी त्यांचे बोट धरून मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसले आणि म्हटले, "इथं कोरडं लागलं, की मगच."