हिरवी रेघ

बॉस्टनच्या मेट्रोच्या नकाशावर लाल, नारिंगी, निळी आणि हिरवी अशा चार ठसठशीत रेघा आहेत. नवखा माणूस चारही एकाच तोलाच्या समजतो. मीही समजलो. मग एकदा हिरव्या रेघेच्या बी फाट्याची गाडी केनमोरनंतर भुयारातून वर आली, कॉमनवेल्थ अॅव्हेन्यूच्या मधोमध धावू लागली आणि लाल सिग्नल दिसताच चक्क थांबली. शेजारी एक सायकलवालाही थांबला होता. म्हटलं, अरे, ही तर ट्राम! हिला मेट्रोच्या पंगतीत कुणी बसवलं?

नंतर कळलं, पंगतच तिची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्रेमाँट स्ट्रीटवर ट्रामगाड्यांची इतकी गर्दी व्हायची, की त्यांच्या टपांवरून चालत जाता येईल असं लोक म्हणत. रस्ता मोकळा करायला ट्रामच जमिनीखाली धाडली. १ सप्टेंबर १८९७ रोजी उघडलेलं ते भुयार म्हणजे अमेरिकेतली पहिली भुयारी मेट्रो. हिरवी गाडी आजही त्यातूनच जाते. निळ्या रेघेचं समुद्राखालचं भुयारही आधी ट्रामचंच. मोठ्या गाड्या तिथे १९२४ साली आल्या. म्हणजे ज्यांच्या पंक्तीला ट्राम शोभत नाही असं मला वाटलं, त्यातली एक तिच्याच घरात राहायला आलेली.

तेव्हा ट्राम नकाशावर हवीच. माझं भांडण रेघेच्या जाडीशी आहे. डी फाटा जुन्या रेल्वेच्या वेगळ्या मार्गावरून सुसाट जातो, बी फाटा चौकाचौकात दम खातो. दोघांना रंग एकच. रस्त्यावर आली की रेघ बारीक करा, एवढंच. प्रवाशाला गाडीची जात नको असते, किती वेळ लागेल ते हवं असतं.

लाल रेघेच्या शेपटाकडे तर आणखी मजा. अॅशमाँटला उतरून मॅटपानसाठी एका डब्याची ट्राम धरायची. डबे १९४०च्या दशकातले, वाटेत दफनभूमी, आणि नकाशावर रंग लालच. मला ती गाडी इतकी आवडते, की तिच्यापुरता मी नियम विसरतो.

रुपेरी रेघ मात्र सरळसरळ बस आहे. वॉशिंग्टन स्ट्रीटवरची खांबांवरची रेल्वे १९८७ साली बंद झाली, तिच्या जागी २००२मध्ये बस आली आणि तिला नकाशात रेघ मिळाली. रुळांपेक्षा रंग स्वस्त पडतो.

आमच्या मुंबईत याच्या बरोबर उलटं. ट्राम ३१ मार्च १९६४ला थांबली, पण ‘दादर टीटी’ अजून लोकांच्या तोंडी आहे. ट्राम टर्मिनस, ना रूळ, ना रेघ, तरी टॅक्सीवाला बरोबर नेतो.

परवा पुण्याहून आलेल्या भाच्याने नकाशावर बोट ठेवून विचारलं, “मामा, ही हिरवी मेट्रोच ना?”

म्हटलं, “बस तर खरा. पहिल्या सिग्नलला सांगतो.”