तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना बायबलवर वाढवता म्हणजे काय करता?

शाळेच्या फाटकाशी, शेजारच्या हळदीकुंकवात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं ठेवून बसले असताना हा प्रश्न मला आलाय. "तुमच्यात मुलांना बायबलवर वाढवतात ना? म्हणजे करता काय नक्की?" आणि पाठोपाठ, "मोठी झाली की ठरवू दे की त्यांचं त्यांना!" परवा तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

करतो ते फार नाही. रात्री जेवणं झाली की घरची उपासना. एक गीत, बायबलमधल्या दहा-बारा ओळी, प्रार्थना. पंधरा मिनिटं. परीक्षा असली की सात. रविवारी संडे स्कूल, तिथे एक वचन पाठ करायचं. नाताळच्या नाटकात धाकटा सलग तीन वर्षं मेंढरू झाला, चौथ्या वर्षी रुसला, मग मेंढपाळ केला. मुलं इंग्रजी शाळेत जातात, त्यामुळे घरातलं बायबल हेच त्यांचं मराठीचं पाठ्यपुस्तक झालंय, हा एक न ठरवलेला फायदा.

खरं वाढवणं मात्र त्या पंधरा मिनिटांत होत नाही, हे मला सासूबाईंमुळे कळलं. आम्ही नगरचे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये इथे ठाणं केलं, तेव्हापासून आमच्यासारखी घरं इथे पिढ्यानपिढ्या आहेत. सासूबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण तेविसावं स्तोत्र तोंडपाठ. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीसारख्या कामावर खडी फोडायला जाताना त्या हेच म्हणायच्या. धाकट्याने एकदा विचारलं, "आजी, पण तेव्हा तर उणंच होतं ना?" त्या तांदूळ निवडत होत्या. खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "होतं की. म्हणून तर म्हणायचे." बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी या वचनांबद्दल बोलत जा. त्यात तांदूळ निवडणं नाही, पण बसतं.

आता माझी चूक. थोरली तेरा-चौदाची झाली आणि मी वचनांची छडी केली. मोबाईल ठेव म्हटलं, नाही ठेवला, की इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय: "मुलांनो, प्रभूमध्ये तुम्ही आपल्या आईबापांच्या आज्ञेत राहा." रोज तेच. एका रात्री उपासनेत वाचायची पाळी तिची होती. तिने तोच अध्याय उघडला, पहिली तीन वचनं भरभर वाचली आणि चौथ्यावर आवाज चढवला: "बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका." मी नेहमी तिसऱ्या वचनालाच थांबत होते, हे तिने हेरून ठेवलं होतं. धाकट्याने विचारलं, "चिरडीस म्हणजे?" नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "आईला विचार." त्या दिवसापासून वचन अर्धवट वापरायचं नाही, असा घरात नियम झाला. मोडते मी अधूनमधून.

नीतिसूत्रांतलं एक वचन आमच्याकडे बारशाच्या केकपासून लग्नाच्या भाषणापर्यंत सगळीकडे ऐकाल. आपल्या मराठी बायबलमध्ये ते असं आहे: "मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे." पुढचा भाग, म्हातारपणीही तो त्यापासून ढळणार नाही, हा आईबापांना हमीपत्रासारखा आवडतो. मला पहिला अर्धा जड जातो. स्थितीस अनुरूप. थोरलीला प्रश्न पडतात. अब्राहामाला देवाने पोराचा बळी मागितलाच का, यावर तिने आठ दिवस माझं डोकं खाल्लं आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तसं सांगितलं. धाकट्याला गोष्ट लागते, आणि गोष्टीत गाढव असेल तर उत्तम. दोघांना एकाच मापाचं शिकवणं म्हणजे दोघांना एकाच मापाच्या चपला.

उरला तुमचा दुसरा प्रश्न. काही न देता "मोठी झाल्यावर ठरव" म्हणणं मला पटत नाही. मराठीही आपण विचारून शिकवली नाही. पण ठरवायचं त्यांनीच, हे खरं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला; त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 मध्ये, स्वतःला पटल्यावर. मधली पाच वर्षं काय सोपी गेली असतील? ज्यांची गीतं आम्ही रोज रात्री गातो, त्यांच्याच घरात असं थांबावं लागलं. मग मी कोण घाई करणारी?

आमच्याकडे बाप्तिस्मा तान्हेपणी होतो, पण मोठं झाल्यावर दृढीकरणाच्या विधीला ज्याचं त्याने उभं राहून हो म्हणायचं असतं. थोरली आता सोळाची. तिच्या बरोबरीच्या मुली यंदा उभ्या राहणार आहेत. ती म्हणाली, "अजून नाही, आई." पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू? पण उपासनेला ती रोज बसते, वाचायची पाळी चुकवत नाही. पाळकसाहेबांना तसंच सांगितलं. त्यांनी यादीत तिचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलं.