गोड पाण्याची विहीर

आमच्या मळ्यातली विहीर आप्पांनी १९७२ च्या दुष्काळानंतर खणली. तासगाव तालुक्याच्या पूर्वेला, अग्रणीच्या खोऱ्यात. वर थोडी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण. "पाणी गोड हाय आपलं," हे आईच्या तोंडून मी जन्मापासून ऐकत आलेय.

आता दादा विहिरीपासून हाकेच्या अंतरावर घर बांधतोय आणि वहिनीला सातवा महिना आहे. त्या बाळाच्या पोटात जाणारं पाणी कसं आहे, हे मला नक्की कळायला हवं होतं.

आधी पातळी. टेंभू सिंचन योजनेचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटली, ओढा वाहू लागला की आमच्या विहिरीला पाझर येतो आणि आठवड्याभरात चित्र पालटतं. त्या दिवसांत मापलं तर ते पाणी ओढ्याचं, विहिरीचं नव्हे. म्हणून मे महिन्यात, आवर्तनाच्या आधी गेले. दिवसाच्या लाईटीचा आठवडा बघूनच गेले, कारण रात्रीची लाईट असली की मोटर पहाटेपर्यंत चालते आणि सकाळची पातळी खरी राहत नाही.

मेजरटेपच्या टोकाला लोखंडी नट बांधला, शेवटच्या काही फुटांना खडू फासला. जिथपर्यंत खडू भिजला तिथपर्यंत पाणी. काठापासून ४० फूट भरलं, त्यातून कठड्याचे २ वजा केले. जमिनीपासून ३८ फुटांवर पाणी, विहीर ५० फूट, म्हणजे उभं पाणी १२ फूट. २० फूट व्यासाच्या विहिरीत ते एक लाख लिटरच्या थोडं वर जातं.

पण साठ्यापेक्षा झरे महत्त्वाचे. मोटर लावून ३ फूट उपसलं, बंद केली आणि चिंचेखाली बसून राहिले. तीन तासांत नऊ इंच पाणी परत आलं, म्हणजे तासाला साधारण बावीसशे लिटर. माणशी रोज ५५ लिटर धरले तर घराला हे भरपूर आहे. द्राक्षाला पुरणार नाही. दादाला तिथेच सांगितलं, बोअर मारायची घाई करू नकोस. आपल्या भागात खोल पाषाणात भेग लागली तर पाणी, नाहीतर नुसती धूळ उडते आणि कर्ज उरतं.

मग पाणी तपासायला दिलं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरली. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नसते. ती बर्फात ठेवून त्याच दिवशी सांगलीला पोचवली.

अहवाल आला तेव्हा मी बराच वेळ एकाच ओळीकडे बघत होते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ८९० मिलिग्रॅम. भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं, दुसरा पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालतं. फ्लोराइड ०.६, काळजी नाही. नायट्रेट ७१. मर्यादा ४५, आणि तिथे सवलतीचा दुसरा आकडा नाही. शिवाय जंतू होतेच.

नायट्रेटला चव नाही, वास नाही. आई गोड म्हणते ते पाणी आजही जिभेला गोडच लागतं. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद नायट्रेट कमी करतं, बाळ निळसर पडू शकतं. आणि उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं.

कुठून आलं, हे विहिरीच्या काठावर उभं राहिलं की दिसतं. वरच्या अंगाला गोठा आणि उकिरडा, दोन्ही चाळीस फुटांच्या आत. पलीकडे बागेला वर्षानुवर्षं टाकलेला युरिया. मुरूम चाळणीसारखा, जे वर पडतं ते पाण्याबरोबर खाली उतरतं. घराचा शोषखड्डाही दादानं त्याच बाजूला आखला होता!

आईला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती म्हणाली, "तुम्ही तिघं ह्याच पाण्यावर वाढला की." खरंच होतं ते. मी म्हटलं, "आई, तवा बागच न्हवती आपली." ती गप्प बसली. मग उठून उकिरड्याकडे बघत उभी राहिली.

शोषखड्डा आता खालच्या अंगाला, विहिरीपासून सत्तर फुटांवर गेलाय. जंतूंसाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबानं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आमच्या विहिरीला साधारण पाव किलो. पिण्याचं आणि बाळाचं पाणी नळयोजनेचं, तेही तपासून घेतलेलं. उकिरडा गेल्या रविवारी हलवला, पहिली पाटी आईनंच उचलली. पुढचा नमुना पावसाळा संपल्यावर घेणार आहे. तोवर बाळ आलेलं असेल.