आवाज फुटला त्या वर्षी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा समितीचा निरोप आला आणि मी त्याच दिवशी लिहायला बसलो. मैदानाबद्दल, निकालांबद्दल, स्नेहसंमेलनांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला फक्त संगीताच्या सरांबद्दल लिहायचं आहे. कोणते सर, हे आपल्या लोकांना सांगायला नको. जिन्याखालची खोली, भात्याला चिकटपट्ट्या लावलेली पेटी आणि शनिवारी शाळा सुटल्यावरची तालीम एवढं म्हटलं तरी पुरे.

आठवीत माझा आवाज फुटला. तोवर समूहगीतातली वरच्या सुरांची ओळ माझ्याकडे असायची. स्पर्धा तोंडावर आलेली आणि तालमीत ऐन अंतऱ्यात आवाज चिरकला. पोरं फिदीफिदी हसली. सरांनी पेटी थांबवली, पण कुणावर रागावले नाहीत. कपाटावरची ढोलकी उतरवली, झब्ब्याच्या बाहीनं धूळ पुसली, कड्या सरकवून ती चढवली आणि माझ्या गळ्यात अडकवली. म्हणाले, "आवाज फुटलाय, लय नाही फुटलेली. वाजव." त्या वर्षी मी गायलो नाही, पण गटात राहिलो. वाजवताना मी सारखा चुकणाऱ्याकडे वळून बघायचो. त्यावर सरांचं ठरलेलं सांगणं असे, "जो चुकेल त्याच्याकडे बघू नकोस. त्याला सांभाळून घे आणि समेवर ये." पुढं ढोलकीचा ड्रमसेट झाला, गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांपासून थेट रेकॉर्डिंगपर्यंत आलो, पण याहून मोठं काही मला कुणी शिकवलं नाही.

रोलिंग स्टोन्स या इंग्लंडमधल्या रॉक ग्रुपचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स, त्याचं आत्मचरित्र २०१० साली आलं. तोही शाळेत वरच्या सुरात गायचा. वेस्टमिन्स्टर ॲबीत राणीसमोर गायलेल्या मुलांत तो होता. मग आवाज फुटला आणि त्याला गायकवृंदातून काढून टाकलं; तालमींपायी अभ्यास बुडालेला, म्हणून वर्षही पुन्हा करायला लावलं. हे वाचून मी पुस्तक मिटलं. त्या पोराला आपले सर भेटायला हवे होते, असं अगदी आतून वाटलं.

७ एप्रिल २००३ ला हा ग्रुप मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेला. मी गर्दीत होतो. लोक गायक मिक जॅगरचं नाचणं बघत होते, मी मागं बसलेल्या ड्रमर चार्ली वॉट्सला. साठी उलटलेला, छोटासा ड्रमसेट, डावी काठी जॅझवाल्यांच्या जुन्या पद्धतीनं धरलेली. स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर, ठोका पडायच्या वेळी तो उजवा हात हाय-हॅटवरून, म्हणजे बाजूच्या झांजांच्या जोडीवरून, अलगद उचलायचा. तेवढ्यानं मधे एक मोकळी जागा पडायची, आणि ग्रुपची सगळी झुलती लय त्या जागेत होती. मला तिथं सर आठवले. पुढं येऊन मिरवायचं नाही, पण सगळ्यांना धरून ठेवायचं.

मिक आणि कीथ इंग्लंडमधल्या डार्टफर्डचे, प्राथमिक शाळेतले सोबती. शाळा बदलल्या, ताटातूट झाली, आणि १९६१ मध्ये डार्टफर्डच्या फलाटावर दोघं पुन्हा भेटले. मिकच्या बगलेत चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकन गायकांच्या रेकॉर्ड्स होत्या, त्यावरून बोलणं सुरू झालं. पुढच्याच वर्षी ग्रुप उभा राहिला. ऐंशीच्या दशकात मात्र दोघांचं इतकं बिनसलं की १९८६ च्या अल्बमनंतर दौराच झाला नाही. मिक स्वतंत्र रेकॉर्ड काढत होता, वर्तमानपत्रांतून एकमेकांची उणीदुणी निघत होती. कीथ लिहितो की त्याच काळात एका रात्री मिकनं चार्लीला "माझा ड्रमर" म्हटलं, तेव्हा चार्ली दाढी करून, सूट घालून खाली आला आणि त्यानं मिकला एक ठेवून दिली. ग्रुप एकट्याचा नसतो, हे त्यानं त्याच्या पद्धतीनं सांगितलं. १९८९ च्या सुरुवातीला मिक आणि कीथ बार्बाडोसमध्ये समोरासमोर बसले, गाणी केली आणि त्याच वर्षी दौऱ्यावर निघाले.

आमच्या शाळकरी ग्रुपचंही काही वेगळं झालं नाही. गायक आणि गिटारवाला बिदागीच्या वाटणीवरून भांडले आणि बरीच वर्षं एकमेकांच्या घरच्या लग्नकार्यालाही गेले नाहीत. सरांनी आपल्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला दोघांना वेगवेगळी पत्रं पाठवली आणि मंचावर माईक एकच ठेवला. दोघं त्या एका माईकवर गायले. सर पहिल्या रांगेत बसून मांडीवर ठेका धरत होते.

आता आम्ही महिन्यातून एकदा ठाण्याला माझ्या स्टुडिओत जमतो. स्टुडिओ माझा स्वतःचा आहे. मालिकांची शीर्षकगीतं तिथं रेकॉर्ड झाली आहेत. सर आज असते तर त्यांना एकदा तरी नेऊन दाखवला असता. पूर्वी गायक पांढरी चारच्या खाली यायला तयार नसे. आता गिटारवाला कुणाला न विचारता काळी दोनमध्ये सुरुवात करतो. गायक क्षणभर त्याच्याकडे बघतो आणि उचलतो. पट्टी उतरल्याची गोष्ट कुणी काढत नाही. बास गिटारवाल्याची बोटं आखडतात, म्हणून मी लय जराशी मागं ठेवतो. कुणाचा सोलो किती लांब यावर हमरीतुमरीवर येणारी ही माणसं, आता सोलो संपला की दुसऱ्याला दम घ्यायला एक आवर्तन जास्तीचं देतात.

चार्ली २४ ऑगस्ट २०२१ ला गेला. महिन्याभरानं स्टोन्स अमेरिकेत सेंट लुईसला उभे राहिले, तेव्हा आधी रिकाम्या मंचावर नुसता ड्रमचा ठेका वाजला आणि पडद्यावर चार्लीचे फोटो दिसले. २०२३ च्या अल्बममध्ये दोन गाण्यांवर त्याचंच वादन ठेवलंय, आणि तीस वर्षांपूर्वी ग्रुप सोडून गेलेल्या बास गिटारवाल्या बिल वायमनला त्यातल्या एका गाण्यासाठी बोलावून घेतलंय. शेवटचं गाणं मडी वॉटर्सचं, ज्यावरून ग्रुपचं नाव पडलं ते. त्यात फक्त मिक आणि कीथ आहेत, ऐंशीच्या घरातले. ते ऐकताना मला हटकून आमचे ते दोघं आणि सरांचा एक माईक आठवतो.

मध्यंतरी शाळेत गेलो होतो. जिन्याखालच्या खोलीत मोडके बाक रचलेत आणि प्रार्थना स्पीकरवर लागते. मला फार वाईट वाटलं. संस्थेला माझी कळकळीची विनंती आहे, ती खोली मोकळी करून द्या आणि संगीताचा तास पुन्हा सुरू करा. गाता न येणारी मुलंही त्यात घ्या. पेटी, दोन ढोलक्या आणि एक ड्रमसेट मी पाठवतो. शनिवारी शिकवायला मी येईन. गायक आणि गिटारवालाही यायला तयार आहेत, दोघांशी बोलणं झालं आहे.