मामांचा डोळा करायला मुंबईला: पुढे जाणाऱ्यांसाठी

कराडहून मुंबई गाठायची तर महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. रात्री बसलं की सकाळी दादर. आमच्या मामांचा डावा डोळा २०२१ साली काळ्या बुरशीत पापण्यांसकट काढावा लागला. त्या बाजूने कुणी अचानक आलं की ते दचकतात, म्हणून दादरच्या पुलावर मी त्यांच्या डाव्या हाताला चालत होतो. तुमच्यासोबतच्या माणसाचंही असंच असेल, तर लोकलच्या गर्दीत हे आधी सांभाळा.

मामांना नकली डोळा बसवायचा होता आणि घरात सगळ्यांची समजूत होती की तो प्रिंटरमधून तयार होऊन येतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयात थ्रीडी प्रिंट केलेला डोळा एका रुग्णाला बसवला होता, ती बातमी व्हॉट्सॲपवर फिरत आलेली. पण तो नुसता डोळा. मामांना पापण्या, भोवतालची कातडी, सगळंच हवं होतं. असं काम बऱ्याचदा दंत महाविद्यालयाच्या प्रोस्थोडॉन्टिक्स, म्हणजे कृत्रिम दात आणि अवयव बनवणाऱ्या विभागात होतं, हे ऐकून मामा म्हणाले, "डोळ्यासाठी दाताच्या डॉक्टरकडं?" मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय. कॅन्सरच्या रुग्णांसाठी परळच्या टाटा मेमोरियलमध्ये वेगळा विभाग आहे. अशी सोय सध्या कुठे चालू आहे ते निघण्याआधी फोन करून विचारा. सरकारी ठिकाणी समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी भेटा, खर्चाचं बोलणं तिथंच होतं.

पूर्वी माप घ्यायला चेहऱ्यावर ओला लगदा थापून वर प्लास्टर चढवत. त्याच्या वजनाने मऊ कातडी दबायची आणि माप चुकायचं. आता हातातला स्कॅनर प्रकाशाचे पट्टे टाकत चेहऱ्याभोवती फिरतो. विभागातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काका, समोर बघा, हसू नका." मामा ओठ न हलवता पुटपुटले, "हसायला काय झालंय?" झालं, पुन्हा पहिल्यापासून. खोबणीच्या तळापर्यंत प्रकाश नीट पोचत नाही, तिथे सीटी स्कॅन कामी येतो. म्हणून नुसती फिल्म नेऊ नका, मूळ डायकॉम फाइल्सची (संगणकावर उघडणाऱ्या स्कॅनच्या फाइल्सची) सीडी मागून घ्या.

मग संगणकावर उजव्या डोळ्याची आरशातली प्रतिमा करून डावीकडे बसवली. दिसायला झकास, पण ऑपरेशननंतर मामांचा डावा गाल आत गेलाय, त्यामुळे प्रिंट केलेल्या नमुन्याची कड तिथे उचललेली राहिली. मॅडमनी मेणाचा नमुना करून ती हाताने तासली. मग साचा, साच्यात सिलिकॉन आणि मध्ये ॲक्रिलिकचा डोळा. माझ्या मते प्रिंटरचा गाजावाजा जरा जास्तच होतो, निम्मं काम तर हाताचंच. (नाक गेलेल्यांना आरशाचा उपयोग नाही. जुने फोटो, नाहीतर सख्ख्या भावाच्या नाकाचा स्कॅन.)

सगळ्यात वेळ गेला रंगाला. सिलिकॉनमध्ये थोडा तांबूस, थोडा पिवळा असं करत खिडकीजवळच्या उजेडात कातडीशी जुळवत बसायचं, ट्यूबलाइटखाली ते फसतं. म्हणून सकाळची वेळ मागा. मामा शेतात राबणारे. आठवडाभर घरात बसवून, चेहरा उजळलेला घेऊन गेलात तर रंग त्या उजळ चेहऱ्याचा लागेल आणि शिवारात परतल्यावर तुकडा वेगळा दिसेल. माणूस रोज जसा असतो तसा न्या. मिशी ठेवत असेल तर मिशीसकट. चष्मा वापरत असेल तर तोच न्या, नसेल तर जाड काडीचा एक घ्या. कड बरीच झाकली जाते.

हाडात स्क्रू घालून चुंबकाने बसवायचा प्रकारही असतो, पण आम्ही चिकटवायचा घेतला. घामाने गोंद सुटतो, तेव्हा बाटली खिशात हवी. रात्री काढून सौम्य साबणाने धुवायचं, कोरडं करून डबीत ठेवायचं. आदला गोंद पुरता काढल्याशिवाय नवा लावू नका, कड फाटते. उन्हाने रंग उतरतो आणि वर्षा-दोन वर्षांत नवा तुकडा करावा लागतो. चेहरा फारसा बदलला नसेल तर तेव्हा जुनाच स्कॅन वापरता येतो. म्हणून निघताना पेनड्राइव्ह पुढे करा आणि फाइलची प्रत मागा. विभागातले संगणक बदलतात, शिकाऊ डॉक्टर तर तीन वर्षांत पास होऊन जातात.