न्यू कॅसलहून काल्मार निकेलवर: शिडं, दोर आणि हौशी खलाशी

न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला जाताना डेलावेअर हे छोटं राज्य कधी आलं नि कधी संपलं कळतही नाही, आपली मंडळी तिथे थांबलीच तर सेल्स टॅक्स नाही म्हणून लॅपटॉप घ्यायला. आम्ही थांबलो जहाजासाठी. काल्मार निकेल, म्हणजे १६३८ मध्ये स्वीडनची अमेरिकेतली पहिली वसाहत घेऊन आलेल्या जहाजाची प्रतिकृती, १९९७ मध्ये विल्मिंग्टनला पाण्यात उतरवलेली. आणि हे धक्क्याला बांधून ठेवलेलं म्युझियम नाही बरं का, सीझनमध्ये खरोखर शिडं लावून फिरतं आणि त्यावर राबणारे जवळजवळ सगळे व्हॉलंटिअर.

चढलो डेलावेअरमधल्याच न्यू कॅसलच्या धक्क्यावरून. हे गावही मजेशीर, १६५१ मध्ये डचांनी किल्ला बांधला, तो स्वीडिश लोकांनी घेतला, मग परत डच, मग १६६४ ला इंग्रज, आणि पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेन १६८२ ला इथेच उतरला. जहाज लांबूनच ओळखू येतं, निळंशार, जिथे तिथे कोरीवकाम. वर खलाशी म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या ढगळ चड्ड्या, लिननचे सैल शर्ट, लोकरी टोप्या, आणि कमरेला चक्क आधुनिक सेफ्टी हार्नेस. मला वाटलं होतं कपडे घालून डायलॉग म्हणणार, फोटो काढू देणार, झालं. पण तसं नाहीये.

कारण पाच मिनिटांत आमच्या हातात दोर दिला. साठीच्या पुढच्या एक बाई होत्या, त्यांनी दहा-बारा पॅसेंजरना एका रांगेत उभं केलं नि सांगितलं की मी ओढा म्हटलं की ओढायचं, थांबा म्हटलं की हलायचं नाही, प्रश्न नंतर. सुरुवातीला दोर सुळसुळ आला, सगळे हसत होते, आणि मग शिडाची ती आडवी काठी वर जायला लागली तसा असा जड झाला की हसणं बंद, नुसते श्वास ऐकू येत होते. बाईंनी मग तो दोर लाकडी खुंटीला आठच्या आकड्यासारखा भराभर गुंडाळला, बघेपर्यंत झालं पण. अशा खुंट्या जहाजभर रांगेने, प्रत्येकीवर वेगळा दोर, प्रत्येकाला नाव नि काम वेगळं, आणि कशावरही लेबल नाही. रात्री अंधारात, पावसात, हाताने चाचपून योग्य दोर सापडला पाहिजे म्हणून पाठ करावं लागतं म्हणे. नव्या लोकांचं ट्रेनिंग हिवाळ्यात होतं, आणि त्याच हिवाळ्यात घासणं, रंगवणं, दोरांची डागडुजी हेही तेच करतात. पगार शून्य.

एकाने विचारलं, दोर ओढताना ती खलाशांची गाणी का नाही म्हणत? बाई म्हणाल्या, ‘ती बहुतेक एकोणिसाव्या शतकातली, आम्ही सतराव्यातले.’ मला हे फार आवडलं. पर्यटकांना हवं ते देणं सोपं होतं की.

तोफेचा बार झाला तेव्हा सगळी पोरं कानावर हात ठेवून खूश, मी मात्र दचकले. इंजिनही आहे, लपवत नाहीत, वारा पडला की कामी येतं.

मग जहाज वळताना एका तरुण व्हॉलंटिअरने कंपनीची गोष्ट सांगितली. आपल्याला कंपनी म्हटलं की ईस्ट इंडिया कंपनी, ही न्यू स्वीडन कंपनी, पैसा स्वीडिश आणि डच दोन्ही, नजर बीव्हरच्या कातड्यांवर आणि तंबाखूवर. म्होरक्या पीटर मिन्युइट, तोच डचांसाठी मॅनहॅटन बेट विकत घेणारा, डचांची नोकरी सुटल्यावर स्वीडनकडे गेलेला. मार्चअखेरीस तिथले मूळ रहिवासी असलेल्या लेनापे लोकांचे सरदार जहाजावर आले, जमिनीचा करार झाला, फोर्ट क्रिस्टिना उभा राहिला, २४ माणसं मागे ठेवून जहाज परत. मी विचारलं, लेनापेंना कळलं का काय विकलं ते? तो खलाशाच्या सुरातून बाहेर आला आणि सरळ म्हणाला, त्यांच्या हिशेबी ती एकत्र वापरायची परवानगी होती, कायमचं विकणं नाही. मग स्वतःहून अँथनीचं सांगितलं. १६३९ मध्ये कंपनीच्या दुसऱ्या जहाजाने कॅरिबियनहून आणलेला काळा माणूस, नंतर वसाहतीच्या गव्हर्नर प्रिंट्झकडे गुरांसाठी गवत कापायचा नि त्याच्या छोट्या नावेवर असायचा, एवढं कागदात आहे.

मला वाटतं हीच त्या लोकांची खरी कमाई, अंगावर वेश असून उत्तरं गोड करत नाहीत. पण खटकलं एवढंच की हे मी विचारलं म्हणून निघालं, दोर ओढून दमलेल्या बाकीच्यांपर्यंत पोचलंच नाही. तोफेआधी पाच मिनिटं यावर बोलले तर काय बिघडेल?

दुसऱ्या दिवशी विल्मिंग्टनला फोर्ट क्रिस्टिनाची जागा पाहिली, किल्ला नाही उरलेला, स्वीडिश शिल्पकार कार्ल मिलेसने केलेला काळ्या ग्रॅनाइटचा खांब आहे, वर तेच जहाज, १९३८ ला तीनशे वर्षं झाली म्हणून स्वीडिश जनतेची भेट. पंधरा मिनिटांत बघून होतं. जवळच ओल्ड स्वीड्स चर्च आहे, १६९९ चं, ते मात्र निवांत बघा.

जाणार असाल तर शिडांची फेरी आधी बुक करा, नुसतं डेकवर चढून उतरू नका. रबरी तळाचे बूट घाला. आणि दोर धरताना अंगठ्या काढून ठेवा, माझ्या नवऱ्याने नाही काढली आणि बाईंची बोलणी खाल्ली.