बाटली विसळू नका!

समुद्राच्या पाण्यातलं तेल मोजायचं म्हटलं की सगळे पहिल्यांदा मशीनबद्दलच विचारतात, पण माझं टेन्शन असतं ते बाटलीचं. इतर टेस्टसाठी बाटली त्याच पाण्याने दोनतीनदा विसळून घेतात ना, इथे तसं अजिबात करायचं नाही, कारण तेल काचेला चिकटतं आणि प्रत्येक विसळणीला थोडं थोडं साठून आकडा फुगतो. प्लास्टिक तर नकोच. हेक्झेनने (तेल विरघळवणारं द्रावक) धुतलेली काचेची बाटली, ती पण बंद अवस्थेत पाण्यात सोडायची आणि साधारण १ मीटर खाली गेल्यावर उघडायची, नाहीतर वरचा तवंग आत येतो आणि मग आपण पाणी नाही, तवंगच मोजत बसतो.

एकदा आमचा ब्लँकच सॅम्पलपेक्षा जास्त आला होता! ब्लँक म्हणजे स्वच्छ पाण्याची बाटली, बोटीवर नुसती उघडून बंद करायची, त्यात तेल निघायलाच नको. बोटीच्या डिझेलचा धूर त्यात गेला होता, दुसरं काय, अख्खा दिवस पाण्यात. तेव्हापासून इंजिन बंद आणि धूर आपल्याकडे येणार नाही अशा बाजूनेच बाटली सोडायची.

लॅबमध्ये हेक्झेनने तेल पाण्यातून काढून घ्यायचं (बाटली आतून हेक्झेनने धुवून तेही त्यातच) आणि फ्लुओरोसेन्स (प्रकाश टाकल्यावर येणारी चमक) बघायचा. ३१० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की पीएएच, म्हणजे तेलातले कडीकडीचे अ‍ॅरोमॅटिक रेणू, ३६० च्या आसपास चमकतात. स्वस्त, झटपट, पण उत्तर येतं ते 'क्रायसीनच्या हिशोबात' (क्रायसीन हा असाच एक पीएएच), म्हणजे ही चमक इतक्या क्रायसीनएवढी आहे, बस. ते 'पाण्यात एवढं तेल' असं छापलं की माझं डोकं फिरतं. तेलातले सरळ साखळीचे अल्केन चमकतच नाहीत आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली ह्युमिक द्रव्यं विनाकारण चमकतात. कुठलं तेल हे बघायचं तर जीसी-एमएसच (घटक वेगळे करून ओळखणारं मशीन) लागतं, त्यात एकेक पीएएच वेगळा दिसतो, मिथाइल वगैरे शेपट्या असलेले जास्त असतील तर कच्चं तेल किंवा इंधन सांडलेलं, बिनशेपटीचे जास्त असतील तर काहीतरी जळलेल्याची काजळी.

सॅटेलाइटचा रडार वरून तवंग दाखवतो, कारण तेलाखाली बारीक लाटा दबतात आणि तो भाग काळा दिसतो. पण वारा पडला की साधं पाणीही काळंच दिसतं! आणि तवंग दिसला म्हणजे तेल खूप असंही नाही, ०.०४ मायक्रॉनचा चंदेरी थर १ चौरस किलोमीटरभर पसरला तरी तेल जेमतेम ४० लिटर.

मला स्वतःला शिंपले आवडतात (मोजायला हो). मासे पीएएच बऱ्यापैकी पचवून बाहेर टाकतात, शिंपल्यांना ते फारसं जमत नाही, पाणी गाळत बसतात आणि आत साठवत राहतात, त्यामुळे बाटली त्या क्षणाचं सांगते तर शिंपले गेल्या काही आठवड्यांचं. म्हणून सध्या जाळीत शिंपले टांगून ठेवलेत, पुढच्या आठवड्यात काढायचे. बोटीनेच जायचंय, धुराचं बघावं लागेल.